बेनिन: पाण्यावरचं गाव आणि मातीचे राजवाडे

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, आबोमे-कालावीच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि काही वेळातच नोकुए सरोवरात घरं दिसू लागतात. हे गान्विये. हजारोंची वस्ती. घरं, दुकानं, सगळं लाकडी खांबांवर उभं. शेजारी जायचं तरी होडी काढावी लागते. बाजारही होड्यांचाच: टोमॅटो, मिरच्या घेऊन बायका वल्ही मारत येतात आणि होडीला होडी टेकवून घासाघीस चालते.

पाण्यात घर बांधायची हौस कुणाला असते? दाहोमे हे इथलं जुनं राज्य. त्याचे सैनिक माणसं पकडून युरोपीय व्यापाऱ्यांना विकत. त्यांच्या तावडीतून सुटायला तोफिनू लोक इथे आले. दाहोमेच्या सैनिकांना पाण्यात उतरायला धर्माची मनाई होती, असं सांगतात.

घरांपलीकडे पाण्यातून डोकावणाऱ्या काटक्यांची रिंगणं दिसतात. ही अकाजा. फांद्या तळाच्या चिखलात रोवायच्या. त्या कुजतात, शेवाळ धरतं, मासे खायला आणि लपायला येतात. काही महिन्यांनी भोवती जाळं लावायचं, फांद्या उपटायच्या आणि अडकलेली मासळी काढायची. युक्ती नामी, पण लाकूड बेसुमार खाते.

जे पकडले गेले, त्यांतल्या असंख्यांना किनाऱ्याजवळच्या वीदा गावातून जहाजांवर नेलं. गावातून समुद्रापर्यंतची सुमारे ४ किलोमीटरची वाट आजही चालता येते. किनाऱ्यावर मोठी कमान आहे, नाव ‘न परतीचं दार’. कमानीपेक्षा ती वाट जास्त बोलते. गाडीतून उतरा आणि चाला.

त्याच वीदामध्ये अजगरांचं देऊळ आहे, आणि अगदी समोर कॅथलिक चर्च. दरवर्षी जानेवारीत इथे वोदुनचा, म्हणजे सिनेमातल्या ‘वूडू’च्या मूळ धर्माचा, मोठा उत्सव भरतो. टाचण्या टोचलेली बाहुली वगैरे सिनेमावाल्यांचं. इथला हेविओसो विजेचा देव, साकपाता भूमीचा आणि देवीच्या रोगाचा. त्यांचे पुजारी आहेत, नवस आहेत, अंगात येणंही आहे.

आबोमेला (धक्क्याचं आबोमे-कालावी वेगळं) दाहोमेच्या राजांचे मातीचे राजवाडे. १९८५ पासून जागतिक वारसा. भिंतींवरच्या रंगीत उठावचित्रांत प्रत्येक राजाची खूण: ग्लेलेचा सिंह, बेहान्झिनचा शार्क. १८९२ मध्ये फ्रेंच फौज चालून आली, तेव्हा बेहान्झिनने राजवाड्याला स्वतःच आग लावली. फ्रेंचांनी तरीही सिंहासनं, पुतळे लुटून नेलेच. त्यांतल्या २६ वस्तू २०२१ मध्ये परत आल्या. त्यांत शार्कचं तोंड असलेला माणसाचा पुतळाही आहे, म्हणजे बेहान्झिनच.

उत्तरेला पेंजारीच्या जंगलात सिंह आहेत, हत्ती आहेत. पण २०१९ मध्ये तिथून दोन फ्रेंच पर्यटकांचं अपहरण झालं, त्यांच्या वाटाड्याचा खून झाला. पुढे सीमेपलीकडच्या सशस्त्र गटांचे हल्लेही सुरू झाले. त्यामुळे तूर्त दक्षिण बघा. पावसाळा टाळून, डिसेंबर ते फेब्रुवारीत या.