काटा फिरवा, पलीकडचं माणूस शोधा

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या रेडिओचा काटा फिरवताना खरखरीतून अचानक एखादा आवाज स्वच्छ लागतो. मेक्सिकोत जन्मलेल्या राफाएल लोसानो-हेमर या कलाकाराने हीच गोष्ट १३ ते २४ नोव्हेंबर २०१९ या काळात आभाळात घडवून आणली. जागा होती अमेरिका आणि मेक्सिकोची सीमा. एकीकडे एल पासो, दुसरीकडे सिउदाद हुआरेझ, मध्ये रिओ ग्रांदे नदी आणि कुंपण. कलाकृतीचं नाव ‘बॉर्डर ट्यूनर’.

तिथली नदीही एका जागी राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकात तिचं पात्र दक्षिणेला सरकलं आणि चामिझाल नावाच्या जमिनीवरून दोन देशांत वाद पेटला. तो मिटला १९६३ च्या कराराने. त्यापायी एल पासोच्या बाजूच्या हजारो माणसांना घरं सोडावी लागली आणि नदी सिमेंटच्या कालव्यात बांधली गेली. या कलाकृतीचे हुआरेझकडचे सर्चलाइट लागले ते याच चामिझाल उद्यानात. २०१९ मध्येच, ३ ऑगस्टला, एल पासोत मेक्सिकन माणसांना हेरून गोळीबार झाला होता. मृतांचा आकडा पुढे २३ वर गेला. अशा ठिकाणी सर्चलाइट म्हणजे माणूस हुडकून पकडायचं साधन. ते साधन इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात दिलं गेलं.

दोन्ही बाजूंना तीन-तीन केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक माइक, एक स्पीकर आणि एक मोठं चाक. चाक फिरवलं की जवळचे तीन सर्चलाइट सोबत वळतात आणि त्यांचा मिळून एक लांबलचक हात तयार होतो. दुसऱ्या केंद्राचा हात त्याला आभाळात भेटला की दोघांमधला आवाजाचा रस्ता उघडतो. बोलणं चढेल-उतरेल तसा झोतही कमी-जास्त होतो. हात बाजूला गेला की बोलणं तुटतं. एकाच देशातली दोन केंद्रंही एकमेकांना लागू शकायची, त्यामुळे पलीकडे कोण निघेल हे आधी सांगता येत नसे. या कलाकृतीचा जीव त्या चाकात आहे, असं आमचं ठाम मत आहे. दोघांपैकी एकाने जरी हात काढला, तरी भेट संपते.

आता कुणी दोन गच्च्यांवर किंवा मैदानाच्या दोन टोकांना असं काही लहान प्रमाणात उभारणार असेल, तर अडचण कुठे येते ते ऐका.

पहिली अडचण दिवा वळवण्याची. मोटरने वळणारा दिवा दीड फेरा, म्हणजे ५४० अंश फिरतो असं धरा. वळवायचा आदेश ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच आकड्यांचा ठेवला, तर त्या ५४० अंशांचे २५५ टप्पे पडतात. एक टप्पा दोन अंशांहून मोठा. ३०० मीटरवर झोत एका झटक्यात ११ मीटर उडतो आणि हात कधी जुळतच नाहीत. १६ बिटांचा आदेश द्या, तीच उडी कागदावर पाच सेंटीमीटरच्या आत येते. दिव्यांपर्यंत हे आदेश नेणाऱ्या डीएमएक्स वायरीच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रोधक (रेझिस्टर) लावा. तो नसला की सिग्नल टोकावरून परत उलटतो आणि दिवे मध्येच थरथरतात.

दुसरी अडचण जुळण्याच्या क्षणाची. दोन हात जुळायला ३ अंशांहून कमी फरक उरल्यावर रस्ता उघडायचा आणि ३ अंशांनाच बंद करायचा, असं ठेवलं तर सीमारेषेवर हात किंचित हलला तरी आवाज तुटक-तुटक येतो. ३ ला उघडा, ५ ला बंद करा. आवाजही एकदम कापू नका, अर्ध्या सेकंदात हळूहळू उतरवा.

आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे. त्याहून उशीर झाला की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. अनोळखी माणसांत ही थांबाथांब फार जड जाते, आणि लोक चाक सोडून निघून जातात. स्पीकरचं तोंड माइकच्या पाठीकडे ठेवा, म्हणजे माइक शिट्टी मारणार नाही.

आवाजाची लाट जशीच्या तशी दिव्याला देऊ नका. आवाजाची पातळी मोजा, ती २० मिलिसेकंदांत चढू द्या आणि पाव सेकंदात उतरू द्या. सेकंदाला तीनहून जास्त लखलखाट टाळा. अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो. एलईडी दिवा हे झटपट करतो. झेनॉनसारखा दिवा आवाजाबरोबर सारखा विझवता-पेटवता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे झडप बसवावी लागते.

झोत दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे आणि बाष्पामुळे. पाऊस नुकताच उघडून हवा धुतली गेली असेल, तर तोच दिवा फिका वाटतो.

पक्ष्यांकडे मात्र लक्ष ठेवायलाच हवं. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी ८८ दिवे लावतात. रात्री स्थलांतर करणारे पक्षी त्या झोतात अडकून घिरट्या घालत राहतात. तिथे पक्ष्यांची संख्या हजारावर गेली की २० मिनिटं दिवे बंद ठेवतात. आपल्याकडे ठाण्याची खाडी किंवा उजनीचा काठ जवळ असेल, तर दुर्बीण घेतलेलं एक माणूस याच कामाला बसवा. घिरट्या दिसल्या की दिवे बंद. माइक आणि स्पीकर मात्र चालू ठेवा, म्हणजे जे बोलत आहेत त्यांना अंधारातही बोलत राहता येईल.

नमस्कार.