सरोजिनी बाबर आणि जात्यावरच्या ओव्या: कागदावर काय उरतं, काय सुटतं?

नमस्कार मंडळी. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या बाई आपल्या मराठवाड्यातल्या नव्हेत, सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या. पण परभणी, बीड, हिंगोलीकडं ज्यांची आजी जात्यावर गायची, त्या प्रत्येकाला त्यांचं काम माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. डॉ. सरोजिनी बाबर.

जन्म १९२० चा. आमदार होत्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. राजकारण मी इथंच सोडते, कारण मला त्यांच्यातली संपादक जास्त मोठी वाटते. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसांच्या हातात सोपी पुस्तकं पडावीत म्हणून वडिलांसोबत त्यांनी 'समाजशिक्षणमाला' चालवली. मग १९६१ पासून राज्याच्या लोकसाहित्य समितीची धुरा घेतली आणि पुस्तकांमागून पुस्तकं काढली. 'जा माझ्या माहेरा', 'बाळराजे', 'कुलदैवत'. बाईच्या तोंडचं गाणं सरकारी खर्चानं छापलं गेलं, ही काय लहान गोष्ट आहे? दूरदर्शनवर शांता शेळके आणि त्या 'रानजाई' करायच्या, ते घरातल्या मोठ्यांना नक्की आठवत असेल. २००८ साली त्या गेल्या.

आता मुद्द्याचं. गाणं कागदावर उतरवताना संपादक नेमकं करतो काय?

जातं डोळ्यांसमोर आणा. दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. एकजण मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात घालते. ओवीची पहिली ओळ एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची. अर्धी ओळ परत घोळवायची, मधेच 'गं बाई' यायचं, जातं जड झालं की सूर लांबायचा. हे जसंच्या तसं लिहिलं तर दोन ओळींच्या ओवीला अर्धं पान लागतं. म्हणून संपादक 'गं बाई' काढतो, परत परत आलेलं काढतो, दोन स्वच्छ ओळी ठेवतो. वाचायला बरं पडतं. पण ती बाई दळत होती, हे त्या ओळींतून निघून जातं. त्यात 'मव्हा भाऊ'चं 'माझा भाऊ' झालं, की ओवी परभणीची का पुण्याची, काही पत्ता लागत नाही.

आपल्याकडं ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या ओव्यांमधली रामकथा पुस्तकात आणली. संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषदेच्या सभागृहाला नाव आहे ना, तेच नांदापूरकर. अशा माणसांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्या हाताशी काही आहे, त्यांचे उपकारच आहेत. तरी एक गोष्ट मला सलते. जुन्या संग्रहांमध्ये बहुतेकदा गाणारीचं नावच नसतं. 'पारंपरिक' म्हटलं की संपलं! अहो, ती ओवी कुणीतरी जुळवली होती. पहाटे उठून, चार पायली दळण पुढ्यात घेऊन.

ही उणीव भरून काढली हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी. हजाराहून जास्त गावं, लाखाच्या वर ओव्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव सोबत टिपलेलं. १९९६ साली त्यांची मंडळी बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात आली. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर, बुद्धावर ओव्या गायल्या. राम-सीतेचं, माहेरचं गाणारं तेच जातं, त्याच चालीत बाबासाहेब आले. आणि हे नुसतं लिहून घेतलं नाही, आवाजासकट जपलंय. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आजही ऐकता येतं. ऐकाच. छापील ओवीतून गळालेलं 'गं बाई' तिथं सगळं जिथल्या तिथं आहे.

आता तुमच्या घरी कुणी गाणारं असेल, तर मोबाईल समोर ठेवा आणि मधे बोलू नका. चुकलं म्हणून थांबवू नका, शुद्ध करायला जाऊ नका. गाणं झालं की तीन गोष्टी त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या: स्वतःचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, आणि ही ओवी कुणाकडून शिकल्या. मगच रेकॉर्डिंग बंद करा.