लॅक्टोज जीन ‘ऑन’ करत नाही! जाक मोनो आणि लॅक ऑपेरॉन

नमस्कार मंडळी, फोंड्याहून परत एकदा. चवथीच्या सुट्टीत बारावीचा ऑपेरॉनवाला (एकाच स्विचवर चालणाऱ्या जीन्सचा गट) व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा, बाई तो मोनो कोण ते सांगा. सांगते, पण त्या निमित्ताने मला तुमच्याशी जरा भांडायचंय.

मोनो हा फ्रेंच जीवशास्त्रज्ञ. जन्म 1910, पॅरिस. 1965 चं नोबेल जाकोब आणि ल्वोफसोबत. 1976 ला गेला. झालं, हे कुठेही मिळतं.

खरी गंमत त्याच्या ग्राफमध्ये. इ. कोलाय या बॅक्टेरियाला ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिलं तर रेष वर चढते, मग सपाट, काहीच वाढ नाही, आणि परत चढते. आधी ग्लुकोज संपवतात, मग लॅक्टोज फोडायचं एन्झाइम बनवेपर्यंत थांबतात. क्लासमध्ये मी मुलांना त्या सपाट तुकड्यावर पेन्सिल टेकवायला लावते, कारण या माणसाचं अख्खं करिअर तिथून निघालंय. आणि हे सगळं पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, इकडे लॅब, तिकडे रेझिस्टन्सचं, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीचं काम, गुप्त कागद जिराफाच्या सांगाड्याच्या पोकळ हाडांत लपवायचा! असो, भरकटले.

आता भांडण. ‘लॅक्टोज आलं की जीन ऑन होतो’ असं पेपरात लिहू नका हो! लॅक्टोज जीनला हातही लावत नाही. रिप्रेसर नावाचं प्रोटीन जीनच्या आधीच्या डीएनएच्या तुकड्यावर, म्हणजे ऑपरेटरवर, बसून जीन वाचणाऱ्या पॉलिमरेजची वाट अडवतो, लॅक्टोजपासून झालेलं अ‍ॅलोलॅक्टोज त्या रिप्रेसरला चिकटतं, त्याचा आकार बदलतो, तो सुटतो. बस.

नाही पटत? रिप्रेसर बनवणारा आय जीन बिघडलेला बॅक्टेरिया घ्या. लॅक्टोजचा कणही नाही, तरी एन्झाइम बनतच राहतं. मग ऑन केलं कोणी?

अजून एक. आयपीटीजी, म्हणजे अ‍ॅलोलॅक्टोजसारखं एक रसायन, घाला, बॅक्टेरियाला ते पचतसुद्धा नाही, तरी एन्झाइम धडाधड बनतं, कारण काम एवढंच, रिप्रेसरला हटवणं.

डिचोलीच्या एका मुलीने विचारलंय, मोनोला हे लगेच कळलं का? नाही गं! इंड्यूसरच, म्हणजे लॅक्टोजसारखा चालना देणारा पदार्थच, एन्झाइम घडवून आणतो असंच तो कित्येक वर्षं धरून बसलेला. मग पार्डी आणि जाकोबसोबतचा प्रयोग झाला, 1959 चा पेपर. आय आणि झेड (एन्झाइमचा जीन) दोन्ही बिघडलेल्या मादी, म्हणजे जीन घेणाऱ्या, बॅक्टेरियात नराकडून, म्हणजे जीन देणाऱ्याकडून, धडधाकट जीन गेले, इंड्यूसर नसतानाही एन्झाइम लगेच सुरू, आणि काही वेळाने बंद! का बंद? तोवर नव्या पेशीत रिप्रेसर साठला म्हणून. इतकी वर्षं जपलेलं मत त्याने या निकालापुढे सोडलं, मला हा माणूस आवडतो तो यासाठी. आणि नोबेल मिळालं तेव्हा रिप्रेसर कोणाच्या हाताला लागलेलाही नव्हता, तो 1966 ला गिल्बर्ट आणि म्युलर-हिलने वेगळा काढला.

ग्लुकोज असताना लॅक्टोज असूनही एन्झाइम जेमतेमच का बनतं, ते सीएएमपी नावाच्या रेणूचं प्रकरण पुढच्या व्हिडिओत घेऊ.