जेमिंगाची नाडी

थंडीच्या रात्री मिथुन रास डोक्यावर येते. तिथे एक तारा आहे, पण नुसत्या डोळ्यांनी सोडाच, साध्या दुर्बिणीतूनही तो दिसणार नाही. गॅमा किरणांत, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशात, मात्र तो आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक.

गॅमा किरण वातावरणातच अडतात. म्हणून 1972 साली नासाचा सास-2 उपग्रह वर गेला, तेव्हा कुठे हा स्रोत कळला. पण त्या जागी ना तारा दिसेना, ना रेडिओ लहरी मिळेनात. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी बिन्यामी यांनी त्याचं नाव ठेवलं जेमिंगा. मिलानच्या बोलीत 'गे मिंगा' म्हणजे 'नाहीच आहे'.

1992 मध्ये रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत ठोका सापडला: दर 0.237 सेकंदाला एक. पल्सर! सेकंदाला चार गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा. दर गिरकीला त्याचा झोत आपल्यावरून जातो, तोच हा ठोका. मग जुने कागद पुन्हा निघाले. सास-2 ने टिपलेल्या त्या मोजक्या फोटॉनांतही, म्हणजे प्रकाशाच्या कणांतही, तोच ठोका होता! या साऱ्या कथेत मला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. नाडी पहिल्यापासून चालूच होती, बोट कुठे ठेवायचं ते ठाऊक नव्हतं.

आणि ठोका आधी ठाऊक नसेल तर?

2008 साली गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण अवकाशात गेली. सीटीए-1 या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडून तिला मिनिटाला जेमतेम एक फोटॉन मिळत होता. दोन फोटॉनांच्या मधे ताऱ्याच्या सुमारे 190 गिरक्या! प्रत्येक फोटॉनची वेळ नोंदायची, पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं त्यातून वजा करायचं, आणि संगणकानं एकेक कालावधी धरून त्या वेळांची घडी घालत बसायचं. कालावधी चुकला की फोटॉन विखुरतात. बरोबर लागला की एका जागी गोळा होतात. तसे ते झाले, 0.316 सेकंदाला. केवळ गॅमा किरणांवरून सापडलेला हा पहिला पल्सर.

फर्मीनं दाखवलेल्या इतर काही अनोळखी जागांवर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं आपल्या अँटेना रोखल्या. तिथे एक पल्सर सापडला, सेकंदाला साडेचारशेहून जास्त गिरक्या घेणारा. त्याचा जोडीदार तारा तीन तासांच्या आत त्याची प्रदक्षिणा पुरी करतो. खोडदला मिळालेला तो ठोका घेऊन संशोधक फर्मीच्या नोंदींकडे परतले. गॅमा किरणांतही तो होता.