फ्रीजमध्ये गाडीची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

आमची पहिली शॉर्टफिल्म आम्ही मित्राच्या स्वयंपाकघरात केली. मोबाइलवर, दोन दिवसांत. चित्र बरं आलं होतं. एडिटला बसलो आणि डोक्याला हात लावला. आई बोलते तेव्हा मागे घरघर, मुलगा बोलतो तेव्हा शांतता, परत आई, परत घरघर. फ्रीज! त्याचा कॉम्प्रेसर मनाला येईल तेव्हा सुरू होत होता आणि शूटिंगच्या वेळी तो कुणालाच ऐकू आला नव्हता. आपल्या कानांना सवय झालेली असते, माइकला नसते.

आता लोकेशनवर गेलो की आधी पंखा आणि फ्रीज बंद करतो, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. निघताना किल्लीसाठी दार उघडावंच लागतं, मग फ्रीज सुरू करायची आठवण होते. नाहीतर काकूंचं दूध नासतं आणि ते घर पुन्हा शूटिंगला मिळत नाही.

चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, पण संवाद कळला नाही की उठून जातात. म्हणून हातात पाच हजार असतील तर लेन्सच्या नादी लागू नका, आधी कॉलर माइक घ्या. तेवढेही नसतील तर दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून नटाच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेवा. शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा; चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तिथे फ्रेमबाहेर गोधड्या टांगा. आणि पॅकअपच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटमध्ये दोन संवादांमधली भोकं तिनेच बुजवायची.

चित्राचं थोडक्यात सांगतो. एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे मोबाइल शॉटच्या मध्येच उजेड कमी-जास्त करत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा एक-पन्नासांश ठेवा, म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे सरकत नाहीत. खरं तर ट्यूबलाइट बंदच करा. नटाला खिडकीशी बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा. थर्माकोल नसेल तर आजोबांचं धुतलेलं धोतर.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली भांडवल उभं करायला कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून महिनाभर टिपलं होतं. एक कुंडी, एक कॅमेरा. अर्थात जमाना मूकपटांचा, त्यांना घरघरीची काळजी नव्हती.

तुम्हाला आहे. हे भाषण संपलं की रेडिओ बंद करा आणि मिनिटभर खोलीत काय काय ऐकू येतं ते मोजा. माझ्या घरी काल सात आवाज निघाले. सातवा भिंतीवरच्या घड्याळाचा होता.