स्लॅबच्या डोक्यावर पत्रा कशासाठी?

नमस्कार मंडळी! कोकणात फिरताना एक गंमत दिसते. सिमेंटचं नवंकोरं घर, वर स्लॅब, आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून परत पत्र्याचं छप्पर. एका घराला दोन छपरं कशाला?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. उतरत्या कौलांवरून पाणी निथळून जातं, सपाट स्लॅबवर ते साचतं. काही पावसाळ्यांत स्लॅब झिरपायला लागला, की पत्रा आलाच. मग त्याखाली मे महिन्यात कोकमं वाळत घाला नाहीतर गणपतीत पाहुणे झोपवा.

मग कौलं काढलीच कशाला?

(हातात मंगलोरी कौल धरून) हे बघा. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून ही कौलं किनाऱ्याने वर आली. त्याआधी कुंभाराने घडवलेले नळे असायचे. नळे काय, कौलं काय, पावसाआधी कुणीतरी वर चढून फुटलेली बदलायची, सरकलेली नीट बसवायची. पोरं मुंबईला, घरात सत्तरीचे आईवडील. चढणार कोण? त्यात माकडं! टोळी नाचून गेली की छप्पर चाळणी.

दुसरं कारण चूल. हे कुणी फारसं बोलत नाही. चुलीचा धूर वर वाशांना, रिपांना लागायचा. लाकूड काळंकुट्ट व्हायचं, पण किडा फिरकायचा नाही. गॅस आला, आयांचे डोळे चुरचुरायचे थांबले, ते झालं ते बेस झालं. पण धूर बंद झाला आणि वाशांत भुंगा शिरला. सकाळी माजघरात पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला, की समजायचं वर कार्यक्रम सुरू झालाय. सागवान परवडत नाही, म्हणून स्लॅब.

जमिनीचंही तेच. गोठाच रिकामा, तर सारवणार कशाने? म्हणून लादी. सारवलेली जमीन गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी एक उन्हाळा स्वतः सारवून बघावं.

हल्ली काहीजण मधला मार्ग काढतात. जांभ्याच्या भिंती तशाच ठेवायच्या, वाशांच्या जागी लोखंडी पाइप आणि वर तीच जुनी कौलं. भुंग्याचा प्रश्न मिटला, उन्हाळ्यात घरही कमी तापतं. माकडांवर मात्र अजून इलाज नाही. तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा, फटाके वगळून.