कुलाब्याची गाडी परत आली, पण जमिनीखालून

आधी एक प्रश्न विचारतो, कुलाब्याला रेल्वे स्टेशन होतं हे इथे किती जणांना माहितीय? हात वर करा बघू. मागे दोन आजोबा, बस, बाकी कोणी नाही. होतं हो, चांगलं मोठं टर्मिनस होतं बीबीसीआय रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, आज जिथे बधवार पार्कची रेल्वे कॉलनी आहे ना, तिथेच. १९३० च्या ३१ डिसेंबरला ते बंद झालं आणि गाडी चर्चगेटलाच थांबायला लागली. त्यानंतर कुलाबा, कफ परेड या बाजूला आगगाडी किंवा मेट्रोने जायचं तर थेट ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं, म्हणजे जवळजवळ पंच्याण्णव वर्षं. मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोबद्दल बोलायला मी इथून सुरुवात करतो कारण ही लाईन म्हणजे लोकलने वगळलेली मुंबई आहे, असं माझं मत आहे.

बघा ना, वेस्टर्न लोकल पश्चिमेकडून जाते, सेंट्रल आणि हार्बर पूर्वेकडून. यांच्यापासून बाजूला पडलेली वरळी, प्रभादेवीचं देऊळ, गिरगावचा आतला भाग, काळबादेवी, वर अंधेरीची एमआयडीसी, सीप्झ, विमानतळ, इथे माणूस स्टेशनवर उतरून पुढे बस, टॅक्सी, रिक्षा नाहीतर पायी. काळबादेवीचं तर अजून गमतीशीर आहे, तिथे १८७४ सालीच घोड्यांची ट्राम धावत होती, बोरीबंदर ते पायधुणी. पुढे विजेची ट्राम आली, १९६४ मध्ये तीही गेली, आणि मग रुळ म्हणून काही उरलंच नाही.

आता रूट सांगतो पटकन. उत्तरेला आरे जेव्हीएलआर, हे एकच स्टेशन जमिनीवर आहे, बाकीची २६ सगळी खाली. सीप्झ, एमआयडीसी, मरोळ नाका (इथे वर्सोवा-घाटकोपर मेट्रोला बदलता येतं), मग विमानतळाची दोन्ही टर्मिनल, सांताक्रूझ, बीकेसी, धारावी, शितळादेवी, दादर, सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. एक-दोन गाळली असतील, रागावू नका. एकूण ३३.५ किलोमीटर. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचं नाव आहे, आणि ते मला फार आवडलं, कारण जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या सुरुवातीच्या डायरेक्टरांमध्ये नाना होते, पहिली गाडी १८५३ ला ठाण्याला गेली त्यामागे त्यांची खटपट होती.

खोदलं कसं, हे सगळे विचारतात. सतरा टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी मशीन, आणली होती आणि त्यांना नावं दिली नद्यांची, वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तानसा, सूर्या, तापी, वैनगंगा. काम कसं चालतं बघा. आधी एक मोठा खड्डा खणायचा, त्यात मशीन तुकड्यातुकड्याने उतरवायचं आणि तळाशी जोडायचं. पुढचं तोंड गोल फिरतं, त्यावरच्या पोलादी चकत्या दगडावर दाबून फिरल्या की कपच्या उडतात, त्या मागे पट्ट्यावरून बाहेर. मग मशीन थांबतं, त्याच्या पोटातला एक हात काँक्रीटचे वळणदार तुकडे उचलून कडेने बसवतो, एक पूर्ण कडं तयार झालं की जॅक त्याच कड्याला पाठ टेकून मशीनला पुढे ढकलतात. म्हणजे स्वतः बांधलेल्या भिंतीला रेटा देऊनच ते पुढे सरकतं. हे ऐकायला सोपं आहे पण मुंबईखाली दगड एकसारखा नाही, कुठे कडक बेसॉल्ट, कुठे ब्रेशिया, म्हणजे तुकडे चिकटून झालेला दगड, दक्षिणेला भराव घातलेली जमीन, आणि मध्येच मिठी नदी, तिच्या खालून धारावी ते बीकेसी गाडी जाते.

गिरगाव, काळबादेवी आणखी अवघड. रस्ताच एवढा अरुंद की वरून सगळं उघडून स्टेशन बांधायला जागाच नाही, म्हणून खाली एक विहीर खणून तिथून आडवं आडवं खोदत प्लॅटफॉर्म काढले, एनएटीएम म्हणतात त्या पद्धतीला. आणि वरच्या इमारती जुन्या, त्यातल्या काही पाडल्या, माणसं पुनर्वसनाच्या इमारतीची वाट बघत दुसरीकडे गेली. माझी आत्या तिथल्याच एका चाळीत राहते, चाळ वाचली, पण रात्री मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर वाजायचे आणि ती उठून ते अलग करून ठेवायची. तिने तीन वर्षं मला फोन करून फक्त हेच ऐकवलं. विकास वगैरे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

कफ परेडला रहिवासी कोर्टात गेले, हायकोर्टाने रात्रीचं काम बंद ठेवायला लावलं होतं. पण खरा वाद आरेचा. कारशेडसाठी, म्हणजे गाड्या ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या जागेसाठी, झाडं तोडायची, ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला न्यायची ठरली, ती जमीन कोर्टात अडकली, पुन्हा सरकार बदललं, २०२२ मध्ये पुन्हा आरे. या मेट्रोला सगळ्यात जास्त उशीर दगडाने केला की कागदाने, हे तुम्हीच ठरवा. खर्च मूळ २३,१३६ कोटी होता, तो वाढत ३७,२७६ कोटींवर गेला, त्यात मोठा वाटा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा. आणि योगायोग असा की पहिला टप्पा, आरे ते बीकेसी, त्याचं उद्घाटन झालं ५ ऑक्टोबर २०२४ ला. करवती चालल्या त्याला पाच वर्षं आणि एक दिवस. कार्यक्रमात हे कोणी बोललं नसेल.

पुढे मे २०२५ मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि पंधरा-सोळा दिवसांत, २६ मे च्या पावसात, काम चालू असलेल्या एका दारातून पाणी घुसून ते स्टेशन बुडालं. गाड्या वरळीपर्यंतच. मुंबईकरांनी त्यावर किती जोक केले ते तुम्हाला माहितीच आहे. शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ ला, आता तासाभरात आरे ते कफ परेड होतं, तिकीट १० ते ७० रुपये, आठ डब्यांची एसी गाडी, प्लॅटफॉर्मला काचेची दारं, त्यामुळे कोणी लटकत नाही, ढकलाढकली मात्र आपण तिथेही आणली.

आत्या आता मंगळवारी सिद्धिविनायकाला मेट्रोनेच जाते. गिरगावहून सातवं स्टेशन, ती बोटांवर मोजते. परवा विचारलं, कशी आहे गं गाडी? म्हणाली, छान आहे, थंडगार आहे, पण खाली गेलं की फोनला रेंज नाही, तुला शिव्या घालायच्या होत्या त्या राहूनच गेल्या.